मीटरवरचा गणपती

साहेब, तुम्ही एका माणसाला चोर ठरवलंत. स्वतः त्याच्या दारात न येता, त्याचं तोंड न बघता, त्याला एक शब्द न विचारता ठरवलंत. आणि ठरवणारे तुम्ही कोण, हेही त्याला कळू दिलं नाहीत. नोटिशीच्या तळाला, जिथं माणसाची सही असते, तिथं छापलं होतं, 'ही प्रत संगणकाद्वारे तयार केली असल्याने सहीची आवश्यकता नाही.' दुकानदाराला उधारीच्या चिठ्ठीवर सही लागते, शाळेत पोराच्या प्रगतिपुस्तकावर बापाची सही लागते, पण चोर म्हणायला सही लागत नाही, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. आमच्या गावाकडं कुणी कुणाला चोर म्हणालं तर निदान समोर उभं राहून म्हणतं, आणि मग दोघांच्याही सदऱ्याची बटणं तुटतात. तुमची बटणं अजून शाबूत आहेत. म्हणून हे लिहावं लागतंय.

ज्याला तुम्ही चोर म्हणालात तो आमच्या कॉलनीतला आकाराम शेलार. मूळ मेढ्याच्या वरच्या अंगाचा, फौजेत गाड्या चालवत सुभेदार होऊन निवृत्त झाला, आता साताऱ्याच्या कडेला जवान कॉलनीत घर बांधून राहतो. माणूस कसा, ते एका गोष्टीत सांगतो. एकदा एस.टी.त डोळा लागला आणि उतरायचा स्टॉप मागं गेला. जाग आल्यावर या गृहस्थानं कंडक्टरकडं पुढच्या टप्प्याचं तिकीट मागितलं. कंडक्टर म्हणाला, "राहू द्या की काका." आकाराम म्हणाला, "राहू द्यायला एस्टी तुजी हाय का माजी?" कंडक्टरनं तिकीट फाडलं आणि पुढच्या उतारूला डोळ्यानंच सांगितलं, हे असं आहे बघा.

त्याची बायको अंजना म्हणते, "ह्यांच्या इमानदारीपायी माज्या घरात कवा जास्तीची कोथिंबीर आली न्हाई." भाजीवाली वर चिमूटभर टाकायला लागली की हा परत करतो. असल्या माणसाबरोबर संसार करणं सोपं नाही, पण चोर म्हणणं त्याहून अवघड आहे. तुम्ही ते एका बटणात केलंत.

तर विजेचे शहाणे, म्हणजे स्मार्ट, मीटर बसवायची टूम निघाली तेव्हा कॉलनीची बैठक गणेश मंडळाच्या शेडमध्ये भरली. विरोधकांचे पुढारी अण्णा. अण्णा मूळचे वाईचे, बँकेतून निवृत्त, आकारामच्या भिंतीला भिंत लागून राहतात आणि वर्तमानपत्र निविदा-नोटिशींसकट वाचतात. ते उभे राहून म्हणाले, "माझा एकच मुद्दा आहे. जुना मीटर चालतोय. चालता मीटर फुकट काढून नवा देणारा माणूस मी बँकेच्या नोकरीत कधी पाहिला नाही. ज्याला आपलं भलं करायचं असतं, तो इतकी घाई करत नाही."

सगळ्यांनी माना डोलवल्या. आकाराम एकटा उठला.

"अण्णा, ज्याचा हिशोब सरळ, त्याला मीटर शाना असला काय नि येडा असला काय? सरकार कायतरी नवं देतंय तर आदी घिऊन बघावं. न बघताच कशाला नाट लावायची?"

"सुभेदार, बंदूक हातात घेऊन बघता येते. मीटर भिंतीला बसतो, आणि आपण त्याच्या हातात."

"मंग बसूंदे की. माज्या घरात लपवन्यासारकं हाय काय? पयला माज्या घरी बसवा."

हे वाक्य बोलला नसता तर गोष्ट इथंच संपली असती. पण आकारामला पहिला पाय पुढं टाकायची फौजेतली सवय. दुसऱ्या आठवड्यात तुमचा इंजिनियर मुकुल त्याच्या दारात आला. गळ्यात ओळखपत्राची पट्टी, पायात पांढरे बूट, बोलणं पुण्याचं आणि स्वभाव गरीब. त्यानं आकारामच्या मोबाईलमध्ये ॲप घालून दिलं.

"काका, आता सगळं पारदर्शक. रीडिंगला कोणी येणार नाही, चुकीचं बिल येणार नाही. तुमच्या घरात काय चाललंय ते तुम्हाला अर्ध्या अर्ध्या तासाला कळणार."

"आन तुमाला?"

"आम्हाला तर लगेचच कळतं, काका."

हे 'लगेचच' लक्षात ठेवा साहेब. पुढं लागणार आहे.

पहिला ग्राहक म्हणून आकारामचा फोटो काढला. फोटोसाठी त्यानं पदकं लावलेला कोट चढवला. चार दिवसांत चौकात फ्लेक्स लागला, 'स्मार्ट मीटर, समाधानी ग्राहक', आणि त्याखाली हसायचा हुकूम मिळाल्यासारखा हसणारा आकाराम. विजेचे दिवे खाली, सुभेदार वर. कॉलनी त्याला 'स्मार्ट सुभेदार' म्हणू लागली. म्हणण्यात निम्मी चेष्टा होती, पण मान मिळाला की माणूस चेष्टा मोजत नाही.

आता खरी गोष्ट. घरात नवं यंत्र आलं की त्याची पूजा केल्याशिवाय ते चालवायचं नाही, ही आमची रीत. ट्रॅक्टरला हार घालतो, शिलाई मशीनला हळदकुंकू लावतो, पिठाच्या गिरणीपुढं नारळ फोडतो. वॉशिंग मशीनलाही अंजनानं ओवाळलं होतं. मीटर तर साक्षात विजेचं घर. तिनं लोखंडी मीटरपेटीला हळदकुंकवाची बोटं ओढली, झेंडूची माळ घातली, आकारामनं पायरीवर नारळ फोडला. मीटर बसवायला आलेल्या तुमच्याच माणसांनी खोबरं खाल्लं, एकानं वर गूळ मागून घेतला. कुणी म्हणालं नाही की बाई, हे मीटरला चालत नाही.

मुकुल निघताना म्हणाला, "काका, मीटरची काळजी घ्या हं. सेन्सिटिव्ह असतो."

काळजी घ्या म्हटल्यावर आकारामच्या डोळ्यांपुढं एकच आला. त्याच्या जुन्या जीपचा गणपती.

या गणपतीची कुंडली सांगायला पाहिजे. निवृत्तीनंतर आकारामनं एक जुनी जीप घेतली होती. मेढ्याहून पुढं केळघरचा घाट चढताना डॅशबोर्डवरचा गणपती दर वळणाला अंजनाच्या मांडीवर यायचा. शेवटी गॅरेजवाल्या धनाजीनं लग्नाच्या मांडवातल्या एका फुटक्या भोंग्याचं लोहचुंबक काढलं आणि गणपतीच्या बुडाला पक्कं बसवलं. म्हणाला, "सुभेदार, आता जीप उलटली तरी द्येव हलायचा न्हाई." जीप उलटली नाही, पण विकली. गणपती मात्र आकारामनं ठेवून घेतला. तेव्हापासून देवाची राहायची पंचाईत होती. देव्हाऱ्यात आधीच एक गणपती, आणि एका देव्हाऱ्यात दोन ठेवायचे नाहीत. म्हणून तो टीव्हीवर, मग खिडकीत, मग धान्याच्या डब्यावर असा भाडेकरूसारखा फिरत होता.

आकारामनं त्याला मीटरपेटीवर नेला. हात अजून वीतभर लांब होता तोच देव हातातून सुटला आणि खट्ट करून पेटीवर जाऊन बसला.

"बगितलंस का अंजना? आपनहून जागा घेतली."

अंजनानं पदर डोक्यावर घेऊन हात जोडले. दोघांनाही इतकं समाधान झालं, की त्या दिवशी जेवणात गोड झालं.

साहेब, तुमच्या मीटरला त्या क्षणी काय झालं ते तुम्हाला माहीत होतं. आम्हाला पुढं सांगलीला जाऊन कळलं.

पहिलं बिल आलं. आकडा सांगत नाही, माझं पेन लाजतं. एवढंच सांगतो, की आकारामला वाटलं ते अख्ख्या कॉलनीचं एकत्र बिल आहे आणि पहिला ग्राहक म्हणून वाटून घ्यायची जबाबदारी त्याच्यावर टाकलीय. तो बिल घेऊन अण्णांकडं गेला. अण्णांनी चष्मा लावून वाचलं, काढून वाचलं, आणि शांतपणे विचारलं, "सुभेदार, तुम्ही घरात लोखंड वितळवता का?"

मग सल्ल्यांचा पाऊस पडला. कुणी म्हणालं फ्रीज जुना झालाय, तो खातो. फ्रीज बंद केला, दही आंबलं. कुणी म्हणालं मोबाईलचे चार्जर भिंतीला लोंबतात, ते पितात. चार्जर काढून डब्यात ठेवले. चौकात सरबताची गाडी लावणारा पप्पू म्हणाला, "सुबेदार, टीव्हीचा तांबडा ठिपका लय वाईट. रात्रंदिस वढतो." आकारामनं टीव्हीची पिन उपसली. अंजनानं गिझर सोडून चुलवणावर पाणी तापवायला सुरुवात केली आणि धुरानं डोळे पुसत म्हणाली, "आवं, घर स्मार्ट झाल्यापास्नं मला म्हायेरची लय याद येतीया. तितं बी आसाच धूर व्हता."

ॲपवर बघावं तर तक्त्यात सगळ्या रेघा एकाच उंचीच्या. दुपार तेवढीच, पहाट तेवढीच. घरातली माणसं झोपली तरी मीटर कामावर.

शेवटी आकारामनं फौजी पद्धतीनं मोहीम काढली. एका दुपारी अण्णांना साक्षीदार म्हणून उभं केलं आणि मेन स्विच खाली पाडला. पंखा थांबला, दिवे गेले, देव्हाऱ्यातली बारकी लाल बत्तीसुद्धा विझली. दोघं मीटरपुढं उभे राहिले.

मीटर पुढं सरकत होता.

अण्णा हळूच म्हणाले, "सुभेदार, हा तुमची वीज मोजत नाही. हा तुमचं आयुष्य मोजतोय."

आकारामनं पेटीवरच्या गणपतीकडं पाहून हात जोडले. "देवा, तू वरच बसलायस. तुज्या पायाखाली काय चाललंय, तूच बग." आणि दुसऱ्या दिवसापासून तो रोज सकाळी देवाला जासवंदीचं फूल वाहू लागला, देव सरकू नये म्हणून अंगठ्यानं जरा दाबूनही बसवू लागला.

तक्रार करायला तो तुमच्या कार्यालयात आला. खिडकीवर सांगितलं, ॲपवर करा. ॲपवर केली. ॲपनं विचारलं, तुमचं समाधान झालं का? त्यानं 'नाही' दाबलं. ॲपनं आभार मानले आणि तक्रार बंद केली. पुन्हा केली, पुन्हा आभार. इतके आभार आकारामचे फौजेत पूल वाचवल्यावरही कुणी मानले नव्हते. मग तो मुकुलच्या टेबलापुढं जाऊन बसला.

"सायेब, मेन बंद केला तरी मीटर पळतोय. तुमी येऊन बगा."

मुकुलनं संगणकात पाहिलं. पाहताना त्याचा चेहरा बदलला, हे आकारामनं टिपलं. पण तो एवढंच म्हणाला, "काका, मीटर चुकत नाही. सिस्टिममध्ये काही गोष्टी दिसतायत. वरिष्ठ ठरवतील."

"काय दिसतंय?"

"ते मी सांगू शकत नाही."

घर आकारामचं, भिंत आकारामची, वीज वापरणारा आकाराम, आणि त्या भिंतीवर काय दिसतंय ते आकारामला सांगायचं नाही. पारदर्शक म्हणालात ना? काच होती खरी. पण एकाच बाजूनं बघायची.

बिल वादातलं म्हणून त्यानं भरलं नाही. मग एका सकाळी अंजना मिक्सरवर चटणी वाटत होती, तो मिक्सर मधेच थांबला. पूर्वी वीज तोडायला वायरमन यायचा. त्याच्याशी भांडता यायचं, त्याला चहा पाजून दोन दिवस मागता यायचे, निदान तो खाली मान घालून तोडायचा. आता कुणीच आलं नाही. कुठंतरी खुर्चीत बसून कुणीतरी बोट टेकवलं आणि इकडं चटणी अर्धी राहिली.

अण्णा तारेचं भेंडोळं घेऊन भिंतीवरून वाकले. "सुभेदार, आमच्या घरातून जोडून घ्या. निदान दिवा आणि पंखा."

"न्हाई अण्णा. दुसऱ्याच्या मीटरवरनं वीज घेनं नेमात बसत न्हाई."

अंजना आतून बाहेर आली. तिच्या हातात अर्धवट चटणीचं भांडं होतं. "आण्णाभावजी, राहूंद्या. ह्यास्नी नेमात बसून आंधारात बसायची हौस हाय. मी उकळात वाटते." आणि ती इतक्या जोरात वाटायला लागली, की अण्णांकडची कपबशी हलली म्हणे.

त्याच आठवड्यात तुमचं पथक आलं. चौकात फ्लेक्सखाली गाडी लावून, समाधानी ग्राहकाला विचारत विचारत, 'इथं आकाराम शेलार कुठं राहतात?' पप्पूनं बोट वर केलं. "ह्ये काय, डोक्यावर हायत की."

पथकाचे प्रमुख गंभीर गृहस्थ होते. त्यांनी मीटरपेटीकडं पाहिलं, पेटीवरच्या देवाकडं पाहिलं, आणि खिशातून एक बारकी टाचणी काढून गणपतीच्या बुडाजवळ नेली. टाचणी उडून चिकटली.

"चुंबक," प्रमुख म्हणाले.

"गनपती," आकाराम म्हणाला.

"चुंबक लावून मीटरमध्ये फेरफार. वीजचोरी आहे ही."

कॉलनी गोळा झाली होती. चोरी हा शब्द फाटकाबाहेरपर्यंत गेला आणि तिथून माणसांच्या तोंडातून पुढं सरकत गेला. आकारामला गोळीबारात इतकं उघडं वाटलं नव्हतं. 

आता जप्ती करायची तर देव उचलायला पाहिजे. देव उचलायचा तर बूट काढायला पाहिजेत, कारण अंजना रांगोळीपुढं उभी होती आणि तिच्या हातात अजून उखळीतला बत्ता होता. सगळ्या पथकानं बूट काढले. त्या दिवशी नेमकी संकष्टी. प्रमुखांचा उपास. त्यांनी आधी हात जोडले, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले, बहुतेक माफी असावी, मग देवाला धरून ओढलं. देव हलेना. धनाजीचं काम पक्कं होतं. दोघांनी पेटी धरली, दोघांनी देव धरला. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, शासनाच्या खर्चानं महापूजा चाललीय.

पंचनामा अण्णांना वाचायला दिला, पंच म्हणून. त्यांनी मोठ्यानं वाचला. 'सदर मीटरपेटीच्या वरील अंगास श्री गजाननाची बैठ्या स्थितीतील मूर्ती एक, बुडास चुंबक असलेली, ताज्या फुलासह मिळून आली.' पथकातल्या एकानं विचारलं, "साहेब, उंदीर वेगळा दाखवायचा का?" यावर तुमच्या माणसांनी बराच वेळ विचार केला. अखेर 'उंदीर मूर्तीस संलग्न' असं लिहिलं. मग देवाला पारदर्शक पिशवीत घालून तोंडाला लाख लावली.

अंजना म्हणाली, "पिशवीला भोक तरी पाडा. द्येव हाय त्यो, वांगी न्हवं."

प्रमुखांनी टाचणीनं भोक पाडलं. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझी तक्रार पुढं आहे. त्या दिवसापासून कॉलनीत आकारामकडं बघायची नजर बदलली, आणि ती तुम्हाला वाटते तशी बदलली नाही. शिव्या घातल्या असत्या तर त्यानं सोसल्या असत्या. लोक त्याला मान द्यायला लागले. संध्याकाळी पप्पू परसदारानं आला, इकडंतिकडं बघून खाली बसला.

"सुबेदार, कुनाला सांगत न्हाई. त्ये लोहचुंबक कुटल्या भोंग्याचं व्हतं?"

"आरं, त्यानं बिल वाढलं. कमी न्हाई झालं."

"व्हय व्हय. तुमी असंच म्हननार." पप्पूनं डोळा मारला. "पर गनपती बशिवला वरती. मानलं गड्या. आमच्या डोक्यात सात जल्मात आलं नसतं."

उसाला पाणी देणारे गावाकडचे दोन पाहुणे मोटारपंपासाठी सल्ला विचारायला आले. जन्मभर जास्तीची कोथिंबीर परत करणारा माणूस, त्याला लोक गुरू करायला निघाले. आकाराम त्या दिवशी जेवला नाही. अंजनाला म्हणाला, "चोर म्हनून थुकली असती तर बरं झालं असतं. ही तर पाठ थोपटत्यात."

मग तुमची ती बिनसहीची नोटीस आली, चोरीची. ती वाचून अण्णा म्हणाले, "सुभेदार, तडजोडीची रक्कम भरा आणि मिटवा. कंपनीचे साहेबही तेच सुचवतायत. कोर्टकचेरी या वयात नको."

"भरली म्हंजे मी चोरी केली, आसंच ना?"

"कागदावर."

"अण्णा, माजं नाव बी कागदावरच हाय. दुसरं कुटं हाय?"

अण्णा उठले आणि वर्तमानपत्रातल्या जुन्या नोटिशी चाळायला लागले.

मीटर तपासायला सांगलीच्या प्रयोगशाळेत पाठवला होता. ग्राहकाला हजर राहायचा हक्क आहे, हे अण्णांनी कुठल्याशा नोटिशीत वाचलं होतं. आकाराम कोट चढवून एस.टी.नं सांगलीला गेला. अंजनानं रुमालात जासवंदीचं फूल बांधून दिलं, कारण पुरावा म्हणून देवही सांगलीला गेला होता, कंपनीच्या गाडीतून. आकारामची लेक संयोगिता सांगलीतच दिलेली, ती बापाबरोबर निघाली. निघताना तिनं प्रयोगशाळेतल्या लोकांसाठी भडंगाचा पुडा घेतला.

"त्यो घरी ठेव," आकाराम म्हणाला. "लाच वाटंल."

"आबा, भडंग आहे. सांगलीत कुणाच्याही दारात मोकळ्या हातानं जात नाहीत."

"आपन चोराच्या घरचं हाय आत्ता. आपलं भडंग बी चोरीचं दिसंल."

प्रयोगशाळेत मीटर टेबलावर मांडला. साताऱ्याहून मुकुलही आला होता. तिथल्या साहेबांनी लाख फोडून देव बाहेर काढला आणि मीटरजवळ नेला. मीटरवर एक खूण लुकलुकली आणि आकडे पळायला लागले. देव बाजूला नेला, आकडे शांत झाले. पुन्हा नेला, पुन्हा पळाले.

आकाराम बघत राहिला. रोज सकाळी अंगठ्यानं दाबून बसवलेला देव. त्याला आपल्या अंगठ्याचा राग आला.

"कळलं," तो म्हणाला. "चूक माजी. म्या बसवला. पर सायेब, मला एक सांगा. मी चोरी केली तर माजं बिल कमी यायला पायजे. वाढलं कसं?"

"चुंबक लागलं की मीटरला चोरीची शंका येते," साहेब म्हणाले. "मग तो जास्तीत जास्त वापर धरून मोजतो."

"म्हंजे शंका मीटरला आन दंड मला."

साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला.

संयोगितानं विचारलं, "ही शंका त्याला कधी आली, ते कळतं?"

"अगदी मिनिटासकट," मुकुल म्हणाला. त्यानं पडद्यावर दाखवलं. मीटर बसवला तीच तारीख, तीच दुपार. नारळ फोडल्यानंतर, तुमची माणसं खोबरं खाऊन फाटकाबाहेर पडली तेव्हाचीच वेळ.

"आन तुमाला कवा कळलं?"

मुकुल पडद्याकडंच बघत म्हणाला, "सिस्टिममध्ये लगेचच येतं, काका."

"त्याच दुपारी?"

"हो."

"मंग मला का न्हाई सांगितलं? माज्या मोबाईलात तुमचं ॲप हाय. वाढदिवसाच्या शुबेच्छा आल्या त्याच्यावर. देव हलवा, एवढं एक वाक्य न्हाई आलं?"

"तो संदेश ग्राहकाला जात नाही, काका. तशी सोय नाही."



साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले, "हे बघा सुभेदार, तुमचा हेतू वाईट नव्हता, हे मलाही पटतंय. पण सिस्टिममध्ये हेतूचा रकाना नाही. चुंबक म्हणजे चोरी. तुम्ही चूक मान्य करून इथं सही करा, मी साताऱ्याला सांगून शक्य तेवढं कमी करून देतो. आजच वीज चालू होईल."

त्यांनी पेन पुढं केलं. साहेब भला माणूस होता, आणि आकाराम दमला होता. घरी अंधार होता, उखळ होतं, धूर होता. संयोगितानं बापाच्या हाताकडं पाहिलं. आकारामनं पेन घेतलं, टोपण उघडलं, कागद वाचला. मग टोपण लावून पेन परत ठेवलं.

"करतो सही. पर आदी नोटिशीवर तुमची पायजे. मला चोर कोन म्हनालं, त्येचं नाव आन सही. समोरासमोर होऊंदे. मंग मी करतो."

"नोटीस संगणकानं काढलीय. सही कोणाचीच नसते."

"मंग संगणकालाच करू द्या मान्य."

त्यानं रुमालातलं फूल काढून देवाला वाहिलं आणि तो बाहेर आला.  लेकीच्या घरी गेल्यावर त्यानं भडंग मात्र मागून घेतलं.

आज परिस्थिती अशी आहे. आकारामच्या घरी रॉकेलचाही दिवा नाही, रॉकेल मिळत नाही. मेणबत्त्या आहेत. गणपती साताऱ्याच्या कार्यालयात पुराव्याच्या कपाटात आहे. अंजना दर मंगळवारी दूर्वा आणि गूळखोबरं घेऊन जाते, आणि कारकून उठून कपाट उघडतो, कारण तिच्याशी वाद घालायची त्याची ताकद नाही. हल्ली कर्मचारीही प्रसाद घेतात. एकीचा मुलगा परीक्षा पास झाल्यावर तिनं पेढे ठेवले. कपाटाला कुणीतरी उदबत्तीचं घर चिकटवलंय. त्याचं बूड चुंबकाचं आहे. त्यावर अजून कुणी पंचनामा केलेला नाही.

चौकातला फ्लेक्स तसाच आहे. तो काढायचं काम कोणत्या विभागाचं, यावर तुमचा पत्रव्यवहार चालू आहे म्हणे. येणारा जाणारा वर बघतो, 'समाधानी ग्राहक', आणि खाली बघतो, तर तोच माणूस मेणबत्त्या घेऊन घरी चाललेला असतो. अण्णांनी मात्र आपला जुना मीटर अजून सोडलेला नाही. तुमची माणसं आली की ते अंगणात खुर्ची टाकून बसतात आणि विचारतात, "याच्यावर देव बसवला तर तुम्ही कुणाला सांगणार? मला, का तुमच्या साहेबांना?" माणसं पुढच्या घरी जातात.

मी यंत्राच्या विरुद्ध नाही. आकारामही नाही. तो अजून म्हणतो, मीटर चांगला आहे, त्यानं त्याच दुपारी खरं सांगितलं. फक्त ज्याच्या घरात तो बसला, त्याला सांगितलं नाही.

म्हणून विचारतोय साहेब, आणि गोल गोल उत्तर नको. ज्या दुपारी मीटरला शंका आली, त्या दुपारी तुम्हाला कळलं. एक फोन केला असता तर आकारामनं हसत देव उचलून धान्याच्या डब्यावर ठेवला असता आणि गोष्ट तिथंच मिटली असती. तुम्ही फोन केला नाहीत. बिल वाढताना बघत बसलात, मग वीज तोडलीत, मग पथक पाठवलंत, मग चोर म्हणालात. हा मीटर ग्राहकाच्या फायद्याचा आहे असं तुम्ही चौकात, आकारामच्याच फोटोखाली, छापून लावलंय. तर सांगा, कळूनही तुम्ही गप्प का बसलात?

उत्तर पाठवा. आणि या वेळी खाली सही करा.